म्हातारपण ‘ऐच्छिक’ कसे? बलुत्याच्या भाकरीपासून दीड हजारांच्या अनुदानापर्यंत

चिकलठाण्यात जालना रोडच्या कडेला सकाळी अर्धा तास उभे राहून पाहा. विमानतळाकडे धावणाऱ्या गाड्या, एमआयडीसीच्या दिशेने सुटलेले कंपन्यांचे टेम्पो, आणि या सगळ्यात रस्ता ओलांडायला थांबलेले एखादे म्हातारे माणूस. हातात औषधांची पिशवी, पायात झिजलेली चप्पल. जायचे असते ‘मिनी घाटी’ला, म्हणजे चिकलठाण्याच्याच जिल्हा रुग्णालयात. अंतर फार नसते, पण रस्ता ओलांडायला कुणी हात धरेपर्यंत दहा मिनिटे जातात.

हा माणूस कोण आहे, हे आपण तरुणांनी आधी समजून घेतले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून खडी फोडायला आलेल्या कुटुंबातला हा पोरगा. एमआयडीसीच्या कारखान्यांत पत्रा वाकवता वाकवता ज्याचे केस पांढरे झाले, तो हा कामगार. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या, तेव्हा जो वीस वर्षांचा होता, तो आज पासष्टी ओलांडून गेलेला आहे. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. दरवर्षी आपण विद्यापीठाच्या गेटवर जातो, कमानीसमोर माथा टेकतो, घोषणा देतो. ज्यांनी त्या घोषणेसाठी लाठ्या खाल्ल्या, ते आज कुठल्या खोलीत, किती रुपयांत, कुणाच्या भरवशावर जगत आहेत? हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो आहोत.

आमचे म्हणणे सरळ आहे. म्हाताऱ्या माणसाची सुरक्षितता आणि त्याचा रोजचा खर्च ही कुणाच्या दयेची बाब नाही. तो हक्काचा प्रश्न आहे आणि त्याचे पहिले उत्तर देण्याची जबाबदारी माणसाच्या दाराशी असलेल्या सरकारची, म्हणजे महापालिकेची आहे. हे म्हणणे आमचे नवे नाही. त्यामागे आपल्या चळवळीचा शंभर वर्षांचा इतिहास आहे.

बलुत्यातले म्हातारपण

“पूर्वी गावात म्हाताऱ्यांची काळजी घेतली जायची,” असे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. कुणाच्या म्हाताऱ्यांची? ज्याच्या नावावर जमीन होती, त्याचे म्हातारपण जमिनीने सांभाळले. सातबारा हातात असेपर्यंत सुना-नातवंडे भोवती राहिली. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या म्हाताऱ्याच्या नावावर काय होते? गावकी. अपरात्री हाक आली की उठायचे, सांगावा घेऊन परगावी जायचे, मेलेले ढोर ओढायचे. त्याबदली खळ्यावर पसाभर धान्य आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. हात-पाय चालत होते तोवर ती भाकरी मिळाली. थकल्यावर ती जागा मुलाने घ्यायची, नाही तर उपास.

म्हणजे गावगाड्यात आपल्या माणसाला निवृत्ती नव्हतीच. सेवेचा शेवट नव्हता, सेवा बापाकडून लेकाकडे जात होती. बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात १९२८ साली वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते याच कारणासाठी. वतनाच्या तुकड्यापायी सगळे कुटुंब, लहानथोर सगळे, सरकारच्या आणि गावाच्या दावणीला बांधलेले होते. ठरलेले काम आणि ठरलेला रोख पगार द्या, अशी ती मागणी होती. भाकरी मागून मिळते तेव्हा देणारा मोठा होतो. पगार ठरवून मिळतो तेव्हा घेणाऱ्याची मान ताठ राहते. दान आणि हक्क यांतला फरक आपल्या लोकांना पुस्तकातून शिकावा लागला नाही, पोटातून कळला.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. जहागीरदारांना जहागिरी होत्या, मन्सबदारांना तनखे होते. राबणाऱ्याला काही नव्हते. याच जिल्ह्यात, कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला, ३० डिसेंबर १९३८ रोजी भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने परिषद झाली आणि बाबासाहेब तिला आले. त्या मैदानात बसलेली माणसे आता राहिली नाहीत. त्यांची मुले आज चिकलठाण्यात, मुकुंदवाडीत, हर्सूलमध्ये म्हातारी झाली आहेत.

बाबासाहेबांनी ठेवलेला आराखडा

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामाचे तास, त्रिपक्षीय कामगार परिषद, सेवायोजन कार्यालये, खाणकामगारांचा कल्याणनिधी या गोष्टी त्या काळातल्या. आजारी पडलेल्या कामगाराला पगार आणि औषध मिळावे म्हणून प्रा. अडारकर यांच्याकडे विमा योजनेचे काम याच काळात सोपवले गेले. त्या पायावर पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. चिकलठाणा एमआयडीसीतल्या कामगाराच्या खिशातले ‘ईएसआय’चे कार्ड इथून आले आहे, हे किती जणांना माहीत आहे?

१९४७ मध्ये बाबासाहेबांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन लिहिले. त्यात ते शेती आणि मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे करा म्हणतात, एवढे आपण भाषणांत सांगतो. पण त्यातच आणखी एक कलम आहे. विमा ही सरकारची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा उतरवणे सक्तीचे असावे, असे ते कलम सांगते. त्याचा अर्थ नीट पाहा. कमावता माणूस गेला तर घर उघड्यावर पडू नये, ही काळजी बाबासाहेबांनी नातेवाइकांवर किंवा धर्मादाय संस्थांवर सोडली नाही. ती राज्यघटनेत लिहावी असा त्यांचा आग्रह होता.

तो आराखडा जसाच्या तसा स्वीकारला गेला नाही. पण अनुच्छेद ४१ आले: बेकारी, म्हातारपण, आजार आणि अपंगत्व यांत सरकारने आपल्या आर्थिक ताकदीच्या मर्यादेत मदत करावी. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, यासाठी कोर्टात दाद मागता येत नाही, असे सांगून राज्यकर्ते हात झटकतात. घटना समितीत बाबासाहेबांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. सत्तेवर येणाऱ्याला ही तत्त्वे डावलता येणार नाहीत; कोर्टात नाही, तरी निवडणुकीत मतदारापुढे त्याला जाब द्यावा लागेल. आता प्रश्न असा की, निवडणूकच झाली नाही तर जाब कुणाला विचारायचा? त्याकडे आम्ही पुढे येणार आहोत.

महाडचा धडा: ठराव आणि अंमल

स्थानिक स्वराज्य संस्था आणि आपण यांचा इतिहास चवदार तळ्याच्या काठावरून सुरू होतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद तयार झाला, पाणी मात्र मिळाले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर चालत गेले, तेव्हा कागदाला अर्थ आला. लगेच त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. कोर्टाची शेवटची मोहोर उमटायला १९३७ उजाडले.

या इतिहासातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, नगरपालिका आपल्या बाजूने ठराव करू शकते. दोन, ठरावाचा अंमल लोक चालून गेल्याशिवाय होत नाही, आणि लोक घरी परतले की ठराव मागेही घेतला जातो. ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत आज नेमके हेच चालले आहे. महाराष्ट्रात ज्येष्ठांसाठी धोरणे आहेत, शासन निर्णय आहेत, कायदा आहे. चिकलठाण्याच्या गल्लीत मात्र त्यातले थेंबभर पाणी पोहोचलेले नाही.

खेडे शहरात आले, म्हातारी माणसे बाहेरच राहिली

चिकलठाणा हे जालना रस्त्यावरचे शेतकऱ्यांचे खेडे होते. विमानतळ आले, मग एमआयडीसी आली. ८ डिसेंबर १९८२ रोजी औरंगाबादची महानगरपालिका झाली आणि आसपासची खेडी शहरात ओढली गेली. महापालिका झाली, पण पहिली निवडणूक व्हायला १९८८ साल उजाडले. तोवर प्रशासकाचा कारभार. एप्रिल २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुन्हा पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्या, असे घटनेचे अनुच्छेद २४३-यू सांगते. करोनाचा काळ, टाळेबंदी, त्यानंतरची महागाई, या सगळ्यात ज्याला आपले गाऱ्हाणे सांगायचे होते त्या म्हाताऱ्याला प्रभागात नगरसेवकच नव्हता.

गावपण गेले, त्याबरोबर गावातली मोकळी जागा गेली, पार गेला, विहीर गेली. शहरपण पूर्ण आले नाही. २०१८ साली नारेगावच्या कचरा डेपोविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि शहराचा कचरा अडला. त्यानंतर प्रक्रिया केंद्रासाठी ज्या जागा निवडल्या गेल्या, त्यांत चिकलठाणा होते. शहराला कचरा टाकायचा असतो तेव्हा चिकलठाणा शहरात असते. फुटपाथ, दिवे, नळाचे पाणी द्यायचे असते तेव्हा ते शहराबाहेर असते.

पाण्याचे तर बोलायलाच नको. जायकवाडी भरलेली असतानाही या शहराने आठ-आठ दिवसांनी पाणी पाहिले आहे. चार हजारांवर गेलेली पाणीपट्टी २०२२ मध्ये निम्मी करावी लागली, कारण पाणीच येत नव्हते. ज्या घरात तरुण माणसे आहेत तिथे ड्रम भरले जातात, मोटार लावली जाते. एकट्या राहणाऱ्या म्हातारीने काय करायचे? ती जार विकत घेते. वीस-तीस रुपयांचा जार ही तुमच्या-आमच्यासाठी किरकोळ गोष्ट असेल. तिच्यासाठी तो दिवसाच्या खर्चाचा निम्मा भाग आहे. कसा, ते आता हिशेबाने पाहू.

हिशेब मांडून पाहा

ब्रिटनमध्ये गरीब म्हाताऱ्याला मदत मिळत होती ती चर्चच्या पॅरिशकडून, अपमानासह. १९०८ च्या कायद्याने सत्तरीच्या पुढच्या गरिबांना आठवड्याला ५ शिलिंग पेन्शन ठरले आणि ते पोस्टातून मिळू लागले. कुणापुढे हात पसरायचा नाही, खिडकीवर सही करायची आणि पैसे घ्यायचे. आपल्या देशात उत्तर प्रदेशाने १९५७ साली वृद्धांना पेन्शन सुरू केले. केरळने १९८० मध्ये शेतमजुरांना पेन्शन दिले. महाराष्ट्रात त्याच १९८० साली बॅ. अंतुले यांच्या सरकारने संजय गांधी निराधार योजना आणली. केंद्राची योजना आली १५ ऑगस्ट १९९५ ला, महिना ७५ रुपये. पुढे ते २०० रुपये झाले. साठ ते ऐंशी या वयासाठी केंद्राचा हिस्सा आजही २०० च आहे. डाळीचा भाव तिथेच थांबला का? गॅसचा थांबला का?

महाराष्ट्रात राज्याचा हिस्सा धरून रक्कम ६०० वरून १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० झाली. दीड हजार भागिले तीस, म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. त्यात दोन वेळचे जेवण, चहा, रक्तदाबाची गोळी, वीजबिल आणि तो पाण्याचा जार.

हे पन्नास रुपयेही कुणाला मिळतात? श्रावणबाळ योजनेसाठी वय ६५ हवे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत हवे. वर्षाला २१ हजार म्हणजे सगळ्या घराचे मिळून महिना १,७५०. आता सरकारचेच आकडे शेजारी ठेवा.

पहिला आकडा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर होता दिवसाला ३१२ रुपये. कुटुंबाने कायद्याने मिळणारे शंभर दिवस काम केले तर ३१,२०० रुपये होतात. म्हणजे सरकारने दिलेले काम केले तर सरकारच्याच लेखी ते घर गरीब उरत नाही.

दुसरा आकडा. कर्मचारी राज्य विम्यासाठी कमी पगाराचा कामगार म्हणजे महिना २१ हजारांपर्यंतचा. तोच कामगार म्हातारा झाला की त्याला गरीब ठरायला वर्षाला २१ हजारांच्या आत राहावे लागते. आकडा तोच, फक्त महिन्याचे वर्ष झाले.

तिसरा आकडा. लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या महिलेला तेच १,५०० रुपये मिळतात आणि उत्पन्नाची मर्यादा आहे अडीच लाख. बहिणींचे पैसे कमी करा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण चौसष्टाव्या वर्षी अडीच लाखांच्या आत असलेली बाई पासष्टी ओलांडताच या योजनेतून बाहेर पडते, आणि मग त्याच दीड हजारांसाठी तिला २१ हजारांचा दाखला आणावा लागतो. वय वाढले की माणूस श्रीमंत होतो, असे यांना वाटते काय?

परिणाम काय होतो ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दाखल्यासाठी दलाल गाठावा लागतो. आयुष्यभर खोटे न बोललेल्या माणसाला शेवटी खोट्या आकड्यावर अंगठा उठवावा लागतो. आमच्यातल्या एकाच्या आजीचे अनुदान अडकले, कारण भांडी घासून तिच्या बोटांचे ठसे पुसले गेले होते आणि मशीन ते ओळखत नव्हते. जिवंत असल्याचा दाखला घेऊन ती तीन वेळा गेली. समोर उभी असलेली बाई जिवंत आहे हे माणसाला दिसत होते, यंत्राला दिसत नव्हते.

आणि ज्यांनी एमआयडीसीत नोकरी केली त्यांचे काय? १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. तेही दहा वर्षांची सेवा भरली तर. ठेकेदाराकडे राबलेल्या कामगाराची सेवा कागदावर कधी सलग भरतच नाही. आपली बहुतेक माणसे ठेक्यावर होती आणि आहेत. जातीने काम ठरवले, कामाने ठेका ठरवला, ठेक्याने म्हातारपण ठरवले.

वयाच्या अटीलाही जात आहे. दलित-आदिवासींचे सरासरी आयुष्य इतरांपेक्षा कमी भरते, हे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. मग ६५ वर्षांची अट सगळ्यांना सारखी दिसली तरी सारखी नसते. लहानपणापासून ओझे वाहिलेला माणूस पंचावन्नाव्या वर्षी थकतो आणि पासष्टी गाठण्यापूर्वी जातो.

कलम ६३ आणि कलम ६६

महापालिका म्हणते, पेन्शन हा राज्याचा विषय, तहसीलमध्ये जा. ठीक. मग महापालिकेचा विषय कुठला? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये अनिवार्य कर्तव्ये दिली आहेत: रस्त्यांची झाडलोट, दिवाबत्ती, नाले, पाणी. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कर्तव्ये आहेत. दुर्बल, आजारी, असाध्य रोगाने पिडलेल्या माणसांच्या देखभालीच्या संस्था चालवणे हे त्या ऐच्छिक यादीत आहे. नाला अनिवार्य, म्हातारा ऐच्छिक. इच्छा झाली तर बघू.

पण १९४९ नंतर घटना बदलली. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि बारावी अनुसूची आली. अपंगांसह समाजातील दुर्बल घटकांच्या हितांचे रक्षण, वस्त्यांची सुधारणा, शहरी दारिद्र्य कमी करणे हे विषय नगरपालिकांकडे सोपवता येतील, असे त्यात लिहिले आहे. दिव्यांगांसाठी स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातून ५ टक्के खर्च करावा, हे दिव्यांगांच्या चळवळीने भांडून मिळवले. म्हणजे इच्छा जागी करता येते. ज्येष्ठांसाठी असा बांधलेला हिस्सा का नाही?

सुरक्षिततेचे पाहा. २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. मुलांनी सांभाळले नाही तर प्रांताधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणात वकील न लावता अर्ज करता येतो. दरमहा १० हजारांपर्यंत निर्वाह खर्च ठरवता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, मुलाने अट मोडली तर, परत मिळवता येते. प्रत्येक जिल्ह्यात गरीब ज्येष्ठांसाठी दीडशे जणांच्या सोयीचे वृद्धाश्रम असावे, असे त्यात म्हटले आहे. केंद्राच्या नमुना नियमांत तर पोलीस ठाण्याने हद्दीतल्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि महिन्यातून एकदा तरी त्यांना भेटावे, असे सांगितले आहे. तुमच्या वस्तीत असा पोलीस कधी आलेला पाहिला? पोलीस आपल्या वस्तीत येतात ते वेगळ्या कामासाठी.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्यातलेही लोक घेतात: “म्हाताऱ्या आई-बापांना सांभाळणे हे मुलांचे काम आहे, सरकारचे नाही.” तथागतांनी सिगालाला केलेल्या उपदेशात मुलांचे कर्तव्य सांगितले आहे, हे खरे. पण त्याच उपदेशात काम देणाऱ्याचेही कर्तव्य आहे: ताकद पाहून काम द्या, अन्न आणि वेतन द्या, आजारात शुश्रूषा करा. आपण पहिला भाग घरात सांगायचा आणि दुसरा भाग कारखान्याला आणि महापालिकेला सांगायचा नाही, हा कुठला न्याय? ज्या मुलाला महिन्यातले पंधरा दिवसच काम मिळते, त्याच्या नावे निर्वाहाचा हुकूम काढून आईच्या ताटात काय पडणार? कर्तव्य चुकवणाऱ्या मुलाला जाब विचारू, जरूर विचारू. पण कमाईच नसलेल्या मुलाला गुन्हेगार ठरवून सरकारला सुटू देणार नाही.

दुसरा आक्षेप: “पैसा कुठून आणायचा?” या शहरात पाणीयोजनेचा खर्च १,६८० कोटींवरून २,७४० कोटींवर गेला, तेव्हा वाढीव पैसा सापडला. आणि आम्ही मागतो त्यातल्या कितीतरी गोष्टींना फार पैसा लागतच नाही. केरळमध्ये पेन्शनचा अर्ज ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत दिला जातो आणि मंजुरीही तिथेच होते. म्हातारा कुठे राहतो हे माहीत असलेली माणसे निर्णय घेतात, आणि चुकली तर पाच वर्षांनी मत मागायला त्याच दारात येतात. आपल्याकडे अर्ज तहसीलला जातो, तिथल्या समितीवर पालकमंत्र्यांच्या मर्जीतले लोक बसतात. हा पैशाचा प्रश्न नाही, सत्ता कुणाच्या हातात ठेवायची याचा प्रश्न आहे.

म्हणून आमच्या मागण्या

एक, महापालिकेने प्रभागवार साठीच्या पुढच्या सगळ्यांची नोंद करावी. कोण एकटे राहते, कोण अंथरुणाला खिळले आहे, कुणाला कुठले अनुदान मिळते आणि कुणाला मिळत नाही.

दोन, दिव्यांगांप्रमाणे ज्येष्ठांसाठी अंदाजपत्रकात ठरावीक टक्के रक्कम बांधून द्यावी. त्यातला पैसा दुसरीकडे वळवता येऊ नये.

तीन, अनुदानाचे अर्ज प्रभाग कार्यालयात स्वीकारले जावेत आणि तिथून तहसीलला पोहोचवण्याची जबाबदारी महापालिकेने घ्यावी. ठसे जुळत नसतील तर कर्मचाऱ्याने घरी येऊन खात्री करावी.

चार, जालना रोडवर चिकलठाण्यात पायी चालणाऱ्यांना रस्ता ओलांडायला पुरेसा वेळ देणारा सिग्नल, सलग फुटपाथ, गल्लीत दिवे, बसथांब्यावर बसायला जागा आणि जवळ स्वच्छतागृह द्यावे. यातले बहुतेक अनिवार्य कर्तव्यातच येते.

पाच, एकट्या ज्येष्ठांच्या घरी ठरलेल्या दिवशी पाणी पोहोचवावे.

सहा, राज्य सरकारने २१ हजारांची अट रद्द करून लाडकी बहीण योजनेची मर्यादाच इथे लावावी, आणि कष्टकऱ्यांसाठी वयाची अट खाली आणावी.

आपण काय करायचे

तरुण मित्रांनो, मागण्यांचे निवेदन देऊन फोटो काढला की काम संपले, असे समजू नका. महाडचा ठराव आठवा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. महापालिकेला विचारा: गेल्या पाच वर्षांत ज्येष्ठांवर किती खर्च केला, कुठल्या प्रभागात? पोलीस ठाण्याला विचारा: एकट्या ज्येष्ठांची यादी आहे का, शेवटची भेट कधी दिली? कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. नगरसेवकाला विचारा, आपल्या वस्तीची क्षेत्रसभा कधी घेतली? मिळालेली उत्तरे विहाराच्या भिंतीवर लावा.

आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे. आठवड्यातला एक दिवस तिथे टेबल-खुर्ची मांडून बसा. हयातीचा दाखला, बँकेचे आधार जोडणे, सत्तरीच्या पुढच्यांचे आयुष्मान कार्ड, पंचाहत्तरीनंतरचा एसटीचा मोफत प्रवास, हे सगळे भरून द्या. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन दारावर लिहून द्या. भीमजयंतीच्या वर्गणीतला काही भाग या कामासाठी वेगळा काढा. पण एक लक्षात ठेवा: हे काम सरकारच्या ऐवजी नाही, सरकारला जागे करण्यासाठी आहे. आपण सेवाभावी मंडळ होऊन बसलो तर पुन्हा बलुतेच सुरू होईल, फक्त भाकरी वाढणारे आपले असतील.

सिद्धार्थाने वृद्ध, रोगी आणि प्रेत पहिल्यांदाच पाहिले आणि घर सोडले, ही कथा बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मान्य केली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा माणूस पाहिलाच नव्हता, हे कसे शक्य आहे, असा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न आज आम्ही महापालिकेला विचारतो. १९८२ पासून तुम्ही या शहरात आहात. तुमच्या करपावत्यांवर, तुमच्या मतदारयादीत, तुमच्या रस्त्याच्या कडेला ही माणसे उभी आहेत. तुम्ही अजून एकही म्हातारा माणूस पाहिला नाही काय?

ज्यांनी आपल्याला ‘जय भीम’ म्हणायला शिकवले, त्यांचा हात धरून रस्ता ओलांडून देणे हे आपले काम आहेच. पण तो रस्ता त्यांना एकट्याने, न घाबरता ओलांडता यावा, अशी व्यवस्था उभी करायला भाग पाडणे हे त्याहून मोठे काम आहे. चला, पहिला अर्ज या आठवड्यात टाकू.

जय भीम! जय संविधान!